पत्नीच्या आजाराची माहिती कोणाकोणाला दिली, याचा लेखी खुलासा मिळण्याबाबत

कराड, जि. सातारा
दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
व्हिडिओ ॲप कंपनी, भारतातील कार्यालय

संदर्भ : माझे दि. ६ नोव्हेंबर व २४ नोव्हेंबर २०२५ चे ई-मेल

महोदय/महोदया,

गेल्या जुलैमध्ये माझ्या पत्नीला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. घरात हे आम्हा दोघांना आणि मुलाला माहीत होते. माझ्या ८२ वर्षांच्या आईला आम्ही मुद्दाम सांगितले नव्हते. माझी थोरली बहीण याच आजाराने २००९ साली गेली. तिचे शेवटचे चार महिने आईने तिच्या उशाशी बसून काढले आहेत. उपचार पूर्ण झाले की मगच आईला सांगायचे, हे पत्नीने ठरवले होते. डोक्याला रुमाल का, असे आईने विचारले तेव्हा टायफॉइडने केस गेले असे सांगून वेळ निभावली. आम्ही लपवायला नको होते, असे कोणी म्हणेल. पण सांगायचे की नाही आणि कधी, हे ठरवण्याचा अधिकार माझ्या पत्नीचा होता.

आईकडे एक टॅब आहे. पहाटे काकडा, दुपारी कीर्तन, तिन्हीसांजेला हरिपाठ एवढाच तिचा वापर. तिच्या नावावर मोबाइल नंबर नाही, म्हणून टॅबवर माझ्याच नंबरचे खाते सुरू करून दिले होते. कार्तिकी एकादशीच्या आदल्या आठवड्यात तिने मला देवघरातून हाक मारली. हरिपाठ संपला होता आणि पडद्यावर एकाखाली एक चित्रे आली होती. केमोनंतर केस कधी येतात, केमो चालू असताना काय खावे, मध्येच एका विगची जाहिरात. सगळे स्वच्छ मराठीत. आई सातवीपर्यंत शिकली आहे, तिला वाचता येते. ती एवढेच म्हणाली, "तुम्ही मला सांगितलं नाहीत, ह्यानं सांगितलं." त्या रात्री ती जेवली नाही.

मी तुम्हाला ६ नोव्हेंबरला लिहिले. उत्तर लगेच आले, इंग्रजीत आणि कोणाच्याही सहीशिवाय. सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याचा इतिहास बंद करावा, असा त्याचा मथितार्थ होता. मी तो बंद केला. जाहिरातींचे बटण वेगळे निघाले, तेही बंद केले. टॅबवर पुन्हा तेच सगळे करावे लागले. ही बटणे मुळात चालू होती. ती चालू ठेवू का, असे मला कोणी विचारल्याचे आठवत नाही. २४ नोव्हेंबरच्या ई-मेलला शब्दशः तेच उत्तर आले.

त्यानंतर मी ॲपमधून माझी सगळी माहिती मागवली. तीन दिवसांनी फाइल आली. मुलाने ती उघडून दिली आणि मी दोन रात्री वाचत बसलो. कोणता व्हिडिओ कोणत्या सेकंदाला सुरू केला, कोणत्या उपकरणावर पाहिला, त्या वेळी आम्ही कोणत्या गावात होतो, सगळे त्यात आहे. १९ सप्टेंबरला रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी माझ्या फोनवरून शोधलेले आहे : "केमो नंतर उलटी थांबत नाही". मी तेव्हा झोपलो होतो. पत्नीने मला उठवले नव्हते आणि सकाळी काही सांगितलेही नाही. हे मला तुमच्या फाइलमधून कळले. (हे पत्र मी तिला वाचून दाखवले आहे आणि ही ओळ तिच्या संमतीने ठेवली आहे.) पुढे माझ्या खात्याच्या "आवडी" म्हणून एक यादी आहे. त्यात भक्तिसंगीत आहे, शेती आहे, आणि कर्करोग उपचारही आहे. आवड!

एक खाते दोन माणसे वापरत होती हा आमचाच दोष, असे आपण म्हणाल, म्हणून आधीच लिहितो. पहाटे पाचचा काकडा टॅबवर आणि रात्री तीनचा शोध फोनवर, हे तुमच्याच नोंदीत उपकरणाच्या नावासकट लिहिलेले आहे. एका घरात एक खाते चौघे वापरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

आता माझी मूळ तक्रार. त्या फाइलमध्ये आम्ही काय केले ते सेकंदासकट आहे. तुम्ही त्या माहितीचे काय केले, याची मात्र एक ओळ नाही. तुमच्या गोपनीयता धोरणात "आमचे भागीदार", "जाहिरातदार", "सेवा पुरवठादार" एवढे मोघम शब्द आहेत. मी ३१ वर्षे दिवाणी न्यायालयात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षे नकला विभागात. प्रकरणाशी संबंध नसलेल्या त्रयस्थाने नक्कल मागितली, तर त्याला कारण लेखी द्यावे लागे. अर्ज कोणाचा, कोणत्या कागदाची नक्कल, कोणत्या तारखेला नेली, सही कोणाची, हे सगळे नोंदवहीत असे आणि साहेबांनी मागितले की पाच मिनिटांत काढून द्यावे लागे. शाईने लिहिलेल्या नोंदवहीत आम्हाला जे जमत होते, ते तुम्हाला जमत नाही हे मला पटत नाही. माझ्या पत्नीच्या आजाराची नक्कल कोणी कोणी नेली, हे मला नावांनिशी हवे आहे.

पुसा म्हटले तरी माहिती मागे उरते, ही भीती माझ्या मनची नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, मोठ्या समाजमाध्यम व व्हिडिओ कंपन्यांकडून माहिती मागवून सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. माहिती पुसण्याची विनंती आल्यावरही काही कंपन्या ती सगळी पुसत नाहीत, असे त्यात नमूद आहे. म्हणून "इतिहास बंद करा" हे उत्तर मला पुरत नाही.

माणसाची शारीरिक स्थिती ही आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार संवेदनशील वैयक्तिक माहिती आहे. दिलेली संमती लेखी मागे घेता येते आणि तक्रार अधिकाऱ्याने एका महिन्यात निवारण करायचे असते, हेही त्याच नियमांत आहे. त्याच कायद्याखालील २०२१ च्या नियमांनुसार तर माझ्या ई-मेलच्या वेळी ही मुदत १५ दिवसांची होती. माझ्या पहिल्या ई-मेलला दोन महिने उलटून गेले. माहिती कोणाला दिली हे नावांसह विचारण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. ते कलम मे २०२७ मध्ये लागू होईल, याची मला कल्पना आहे. पण तोपर्यंत उत्तर द्यायचे नाही, असे त्या कायद्यात कुठे लिहिलेले नाही. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याला आता आठ वर्षे झाली.

तरी या पत्राने आरोग्याविषयीची माहिती वापरण्यास व इतरांना देण्यास मी दिलेली, किंवा दिली असे आपण धरलेली, संमती मागे घेत आहे. १ जुलै २०२५ पासूनचे आजाराविषयीचे सर्व शोध, पाहिलेल्या व्हिडिओंच्या नोंदी आणि त्यावरून बांधलेल्या "आवडी" आपल्याकडून व ज्यांना दिल्या त्यांच्याकडूनही पुसाव्यात आणि तसे लेखी कळवावे. पुसण्याआधी ज्यांना माहिती गेली त्यांची यादी तारखांसह द्यावी. हा क्रम उलटा करू नये. आधी पुसले तर दाखवायला काही उरणार नाही. आणि तुमचे धोरण मराठीत द्यावे. ॲप मराठीत आहे, जाहिराती मराठीत आहेत, आईला जे वाचावे लागले तेही मराठीतच होते. माझी माहिती कशी वापरणार, तेवढेच इंग्रजीत का?

आजपासून १५ दिवसांत, म्हणजे २७ जानेवारीपर्यंत, जबाबदार माणसाच्या नावाने व सहीने उत्तर न आल्यास मी केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे दाद मागणार आहे. दोन्ही ई-मेल, त्यांची उत्तरे आणि फाइलमधील संबंधित पाने सोबत जोडली आहेत. पत्नीच्या शोधांची पाने मी जोडलेली नाहीत. ती तुमच्याकडे आहेतच.

उत्तर वरील पत्त्यावर टपालाने पाठवावे. आईचा टॅब बंद करून कपाटात ठेवला आहे आणि त्या खात्यावर मी आता जात नाही.

आपला,
एक सेवानिवृत्त न्यायालयीन कर्मचारी
(नाव, पत्ता व नोंदणीकृत मोबाइल नंबर लिफाफ्यातील स्वतंत्र कागदावर)