तंबोऱ्याला गाल लावून

मुंबई, रविवार रात्र

प्रिय सलीम,

परवा फोनवर तू विचारलंस, "लेक म्हणते कॉन्सर्टला जायचंय. तिथं एवढं काय असतं रे?" मी म्हटलं, लिहून कळवतो. तुला वाटलं असेल, टाळतोय. पण दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो असतो. तू विचारलंस, म्हणून बसून लिहितोय.

सुरुवात तुमच्या कारखान्यापासूनच करावी लागेल. 1994 चा उन्हाळा. माझ्या आतेभावानं पुण्याहून नव्वद मिनिटांची कॅसेट भरून आणली होती, वर पेनानं 'आयर्न मेडन' लिहिलेलं, इंग्लंडच्या त्या हेवी मेटल बँडचं नाव. आमच्या घरी टेपला हात लावायची बंदी, म्हणून आपण रात्री मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तुमच्या कारखान्यात बसायचो. पंढरपूरकडून आलेले भोपळे छताला टांगलेले, खाली भुसा, लाखेचा वास. अब्बा कोपऱ्यात दिव्याखाली तंबोऱ्याची घोडी घासत असायचे. एकदा त्यांनी कानस थांबवली. आपण दोघं घाबरलो, आता टेप बंद करायला सांगणार. त्यांनी ते अख्खं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "ह्याची जवारी जरा जास्तच खुली आहे. पण बेसूर नाही."

लेका, तीस वर्षं झाली. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाबद्दल याहून खरं काही मी कुणाकडून ऐकलं नाही. तार घोडीला किंचित घासून जाते म्हणून तंबोरा बोलतो, तीच जवारी. अँप्लिफायरवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त भार टाकला की गिटार तशी बोलते. एका सुरातून दहा सूर बाहेर पडतात. अब्बांनी ते एका ऐकण्यात ओळखलं होतं.

मी मुंबईला शिकायला आलो आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पहिला कार्यक्रम पाहिला, धोबी तलावच्या रंगभवनात. झेवियर्स कॉलेजच्या मागचं उघडं नाट्यगृह. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास तिथं 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं, 1986 पासून चालू होतं ते. पाऊस, चिखल, काळे टी-शर्ट, आणि आपल्याच वयाची पोरं गिटार घेऊन उभी. तोवर मला वाटायचं, हे संगीत ऐकणारे अख्ख्या जगात आपण दोघंच. तिथं माझ्या शेजारच्या अनोळखी मुलाला तीच गाणी शब्दन्‌शब्द पाठ होती. कुठून आलास विचारलं, तर म्हणाला, अंबरनाथ. त्यानं मला अर्धा वडापाव दिला. बँडपेक्षा मला आज तो वडापाव जास्त आठवतो.

रंगभवन पुढं बंद पडलं. शेजारी हॉस्पिटलं, तो भाग शांतता क्षेत्रात गेला, आणि 2003 च्या सुमारास तिथलं संगीत थांबलं. रुग्णांच्या बाजूनं ते बरोबरच होतं, हे मी मान्य करतो. तरी त्या फाटकासमोरून जाताना अजून पाय थबकतात.

त्याच 2003 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडचा रोलिंग स्टोन्स बँड ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला. नोकरी लागायची होती, तिकिटाला पैसे नव्हते. मी चर्चगेटला उतरलो आणि भिंतीबाहेर उभा राहून ऐकलं. शब्द कळत नव्हते, पण त्यांच्या चार्ली वॉट्सचा ड्रम भिंतीवरून स्वच्छ येत होता. 2021 मध्ये तो गेला तेव्हा मला त्याचा चेहरा नाही आठवला, ती भिंत आठवली.

आता बंगळूर. हे तुला अर्धंच माहीत आहे.

17 मार्च 2007, शनिवार. आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात, पॅलेस ग्राउंड्सवर. आपण दोन तिकिटं घेतली होती. मंगळवारी अब्बा गेले. मी मिरजेला आलो, तुझ्याबरोबर कब्रस्तानात होतो. माझ्या मनात जायचा विचारही नव्हता. तू दारात म्हणालास, "अब्बांनी तिकिटं बघितली होती. तू जा." मी शुक्रवारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली ती रडतच. शेजारचं बर्थ रिकामं होतं आणि टीसीनं ते धारवाडला कुणाला तरी दिलं, तेव्हा मला त्या माणसाचा विनाकारण राग आला होता.

मैदानावर दुपारपासून लोक. ईशान्येकडून दोन-दोन दिवसांचा प्रवास करून आलेली पोरं होती, केरळची होती, सोलापूरची होती. आधी दिल्लीचा परिक्रमा बँड वाजवून गेला, ते व्हायोलिन फार छान वाजलं. त्याच वर्षी ते इंग्लंडच्या डाऊनलोड महोत्सवातही वाजवून आले. मग लॉरेन हॅरिस गायली. ही स्टीव्ह हॅरिसची मुलगी, म्हणजे मेडनच्या बास गिटार वाजवणाऱ्याची. बाप-लेक एकाच मंचावर, तासाभराच्या अंतरानं. हे मुद्दाम तुला सांगतोय.

आणि मग दिवे गेले. सलीम, ते अर्धं मिनिट मला सांगता येत नाही. हजारो माणसांनी एकदम श्वास घेतला की त्याचाही आवाज होतो, एवढंच लिहितो.

स्टीव्ह हॅरिस बास नखीनं छेडत नाही, बोटांनी वाजवतो, आणि त्याची ती चाल घोडा चौखूर सुटल्यासारखी असते. कॅसेटवर ती आपल्याला नीट ऐकूच आली नव्हती, तुमच्या टेपचा स्पीकर बशीएवढा. तिथं ती आधी कानात नाही आली. पायांतून आली, आणि बरगड्यांत येऊन घुमली. आणि मला काय आठवलं माहीत आहे? लहानपणी अब्बा तंबोरा जुळवायचे, आणि आपण दोघं दोन बाजूंनी भोपळ्याला गाल लावून बसायचो. तो सूर ऐकू येत नव्हता, तो हाडांत उतरायचा. अगदी तेच. माझ्या बरगड्यांचा भोपळा झाला होता. मैदानावरच्या प्रत्येकाच्या झाला होता, आणि सगळे एकाच सुराला लागले होते.

तू विचारलंस ना तिथं काय असतं. हे असतं.

'फिअर ऑफ द डार्क' आलं तेव्हा लोकांनी शब्द तर म्हटलेच, पण गिटारची धूनसुद्धा म्हटली. त्या धुनेला शब्द नाहीत, नुसता ओ-ओ-ओ, पण सगळं मैदान सुरात. मी तुला फोन लावला आणि हात वर धरला. नंतर तू सांगितलंस, नुसती खरखर येत होती. मला वाटायचं, चुकलंच माझं, घरात चौथा दिवस, काय म्हणून फोन केला. पण त्या वेळी मी फोन कानाला लावून ओरडलो होतो, "ऐकू येतंय का?" आणि तू म्हणालास, "काही कळत नाही. पण ठेवू नकोस." मी हात खाली केला नाही, मर्दा. गाणं संपेपर्यंत नाही.

त्यानंतरचं भराभर सांगतो. पुढच्याच वर्षी 1 फेब्रुवारीला मेडननं आपला जगाचा दौरा मुंबईतून सुरू केला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः बोइंग 757 चालवत सगळ्या लवाजम्यासकट आला. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर त्यांनी तेरा-चौदा मिनिटांचं एक गाणं वाजवलं, कोलरिजच्या जुन्या इंग्रजी कवितेवर बेतलेलं. मध्ये सगळं शांत होतं आणि जहाजाची लाकडं करकरल्याचा आवाज येतो. इतकी माणसं इतकी गप्प उभी मी नंतर कुठं पाहिली नाहीत. 2011 ला मेटालिकासाठी पुन्हा बंगळूर. 2019 च्या डिसेंबरात नेरूळला यू-टू, शेवटाकडे ए. आर. रेहमान आपल्या मुलींसह त्यांच्याबरोबर उभा राहिला. गेल्या कार्यक्रमांपैकी गन्स एन' रोझेस, मे 2025, महालक्ष्मी रेसकोर्स. 2012 ला ते आले तेव्हा त्यांचा गिटारवाला स्लॅश बँडमध्ये नव्हता, या वेळी होता. आजूबाजूला चाळिशी-पन्नाशीचे बाप होते, बरोबर पोरी. एका बापानं लेकीला खांद्यावर घेतलं होतं आणि ती त्याला टाळ्या कुठं वाजवायच्या ते सांगत होती.

आता काळजीचं. पोरीला धोका आहे का? गर्दी ती गर्दी. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आत सोडायला एकच दार ठेवलं होतं आणि पाणी तासाभरात संपलं. माझ्यासमोर एक मुलगी चक्कर येऊन पडली. पण ती जमिनीला टेकायच्या आत आठ-दहा धिप्पाड पोरांनी तिच्याभोवती कडं केलं, एकमेकांचे हात धरून, आणि तिला वाट काढून बाहेर नेलं. पुढं धक्काबुक्कीचा नाच चालतो तिथंही पहिला नियम हाच, कुणी पडलं की आधी उचलायचं. तिथं तिला जाऊ देऊ नकोस, तुम्ही दोघं मागं साऊंड डेस्कजवळ थांबा. आवाज जुळवणारा माणूस तिथं बसलेला असतो, त्याला ऐकू येतं तेच तुम्हाला येतं. सगळ्यात चोख आवाज तिथंच. फार मागं गेलात तर पडद्यावर ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो. शंभर मीटरला पाव सेकंदाहून थोडा जास्तच फरक पडतो. म्हणून मैदानात मध्ये स्पीकरचे मनोरे उभारतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. तुला हे बघायला आवडेल.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कानात बुचं घालायचीच, तिनंही आणि तूही. 85 डेसिबल आठ तास सोसतं, पण 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. मी ऐन पंचविशीत एका कार्यक्रमात स्पीकरच्या भिंतीसमोर तीन तास उभा राहिलो होतो, मोठ्या प्रेमानं. तेव्हापासून डाव्या कानात एक बारीक शिटी आहे, रात्री जास्त. माझं ठीक आहे, मी हिशेब लिहिणारा माणूस. तू जवारी लावतोस. मिरजेत तुझ्या कानावर किती गवयांचे तंबोरे अवलंबून आहेत ते मला माहीत आहे. संगीतासाठी मिळतात ती बुचं आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी करतात, सूर बिघडत नाही. दोन जोड मी आणून ठेवले आहेत.

होय, दोन. तिला एकटीला पाठवायचं की नाही असं तू विचारत होतास. तू ये तिच्याबरोबर. मीरासाहेबाच्या उरुसात चिंचेखाली रात्रभर बसून ऐकलेला माणूस तू, तुला तिथं परकं वाटणार नाही. दहाच्या आत सगळं संपतं, कायदाच आहे. पुढचा मोठा बँड मुंबईत लागला की तिकिटं मी काढतो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघा, सकाळी मी दादरला फलाटावर असेन. लेकीला सांग, चप्पल नको, पायात बूट हवेत.

2007 चं तुझं तिकीट माझ्याकडेच आहे. ते तिला दाखवायचंय, तू सोबत असताना.

अम्मींना सलाम सांग. गुडघा कसा आहे त्यांचा, ते कळव.

तुझा,
अवी