गोंदलेल्या कातडीवरचा संशय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या परिचयातील एका बी.एड. झालेल्या मुलीला गेल्या वर्षी एका खासगी शाळेने नोकरी नाकारली. तिचा नमुना पाठ उत्तम झाला होता. पण मनगटावर टॅटू दिसल्यावर ‘पालकांना हे चालणार नाही’ एवढेच कारण तिला तोंडी सांगण्यात आले. स्थळे पाहताना तर टॅटू काढलेला मुलगा वाया गेलेला आणि मुलगी घराला न जुमानणारी असणार, हे जणू गृहीतच धरलेले असते. या गृहीतकाला कसलाही आधार नाही आणि त्यापायी माणसांचे खरोखरीचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

अंगावर खुणा गोंदवून घेणे आपल्याकडे मुळीच नवे नाही. दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रातील खेडोपाडी बायकांच्या कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, हातांवर तुळशीवृंदावन, विंचू, लक्ष्मीची पावले सर्रास दिसत. कोऱ्या हातांनी सासरी आलेल्या मुलीमुळे तिच्या माहेरच्यांना बोल लागत असे. (लहान वयातील मुलीला घट्ट धरून गोंदवताना तिची इच्छा कोणी विचारत नसे, हेही इथे नोंदवले पाहिजे, आजची सज्ञान मुलगी निदान स्वतः ठरवून सुई टोचून घेते.) तेव्हा न गोंदवल्याबद्दल बोल लावणारा आणि आज गोंदवल्याबद्दल नाक मुरडणारा समाज एकच आहे, आणि दोन्ही वेळा त्याने बाईच्या शरीरावर तिच्याआधी आपला हक्क सांगितला आहे.

गोंदलेल्या शरीराचा गुन्ह्याशी जो संबंध जोडला जातो, त्याला मात्र एक वेगळा आणि क्रूर इतिहास आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीत बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जात असे. ही शिक्षा १८४९ मध्ये बंद झाली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांचे समूहच्या समूह जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला. कायदे गेले तरी वृत्ती गेली नाही. १९९३ मध्ये अमृतसरमध्ये पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ (म्हणजे खिसेकापू) असे गोंदवले. त्यासाठी संबंधित पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडावे लागले.

आपल्याकडेही भटक्या-विमुक्त समाजातील, चेहऱ्यावर गोंदण असलेली बाई एसटी स्थानकात किंवा सराफाच्या दुकानात आली, की लोक आपापल्या पिशव्या जवळ ओढतात. त्याच दुकानात एखाद्या क्रिकेटपटूसारखा कोपरापासून मनगटापर्यंत टॅटू काढलेला, चांगल्या कपड्यांतील तरुण आला, तर त्याला आदराने बसायला खुर्ची मिळते. म्हणजे संशय शाईचा नसून तो जातीचा आणि गरिबीचा आहे, असेच मला ठामपणे वाटते.

सैन्यभरतीच्या नियमांचा यात वेगळा विचार करावा लागेल. भारतीय सैन्यात हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळव्याच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो, इतरत्र चालत नाही. आदिवासी उमेदवारांना मात्र त्यांच्या जमातीच्या प्रथेनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत सलाम उजव्या हाताने करायचा असल्यामुळे डाव्याच हातावरील टॅटू ग्राह्य धरतात. हे नियम पटोत वा न पटोत, ते निदान लेखी आहेत आणि म्हणूनच त्यांना न्यायालयात आव्हान देता येते. सोलापूरच्या एका तरुणाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने हातावरील धार्मिक चिन्हामुळे अपात्र ठरवले होते. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी शाळा, बँका आणि हॉटेले ज्या अलिखित नियमाने उमेदवार परत पाठवतात, त्याविरुद्ध दाद मागायची तरी कुठे? जत्रेत हौसेने उजव्या हातावर ‘आई’ गोंदवून घेणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे नियम ठाऊकच नसतात. भरतीपूर्व प्रशिक्षण देणाऱ्या अकादमींनी आणि गावोगावच्या माध्यमिक शाळांनी ते फलकावर लावावेत, एवढे तर सहज होण्यासारखे आहे. एकदा गोंदवलेला टॅटू लेझरने पुसून टाकायला अनेक बैठका लागतात, भरपूर पैसे लागतात आणि तरीही व्रण राहू शकतो.

आरोग्याची काळजी योग्यच आहे. एकच सुई अनेकांना वापरली तर कावीळ ब आणि क, तसेच एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो, आणि म्हणूनच टॅटू काढल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. परंतु ही मुदत संपल्यावर ती व्यक्ती इतरांसारखीच रक्त देऊ शकते. ‘टॅटूवाल्यांचे रक्त कधीच चालत नाही’ हा समज चुकीचा आहे आणि शिबिरांच्या आयोजकांनी तो स्पष्टपणे खोडून काढावा.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. बेपत्ता व्यक्तीच्या किंवा अनोळखी मृतदेहाच्या निवेदनात ‘उजव्या हातावर गोंदलेले’ असा उल्लेख असतो, तो ओळख पटवण्यासाठी आवश्यकच आहे. परंतु चोरीच्या वा मारामारीच्या बातमीत, आरोपी पकडला गेल्यानंतरही, त्याच्या अंगावरील टॅटूचे वर्णन रंगवून छापण्याचे काही कारण उरत नाही. ते वर्णन आपण वगळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा