समासातल्या पेन्सिलीच्या टिपांसाठी

आदरणीय बाई,

शिवकालावरच्या कुमार कादंबऱ्यांची हस्तलिखिते तुम्ही ओळ न् ओळ तपासून दिलीत. त्याचे आभार उघड पत्रातून मानतो आहोत, कारण समासात पेन्सिलीने लिहिलेल्या तुमच्या टिपा एका कपाटात पडून राहाव्यात अशा नाहीत. 12 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी इतिहासावर लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्या कामी येतील.

तपासनीस बहुधा 'हे तेव्हा नव्हते' एवढा शेरा मारून पुढे जातात. मग लेखक ती वस्तू काढतो आणि प्रसंग बोडका होतो. तुम्ही वस्तू का नव्हती ते लिहिलेत आणि तिच्या जागी काय होते तेही लिहिलेत. काडेपेटीवर काट मारलीत; घर्षणाने पेटणारी काडी 1826 च्या आसपासची, म्हणून तिच्या जागी चकमक, गारगोटी आणि कापूस दिलात. पावसात भिजलेला कापूस पेटत नाही, पोराचे हात थरथरतात, आणि वर बुरुजावर पहारेकऱ्याची पावले वाजतात. एका काटेने अख्खे पान जिवंत झाले.

सर्वांत मोठे ऋण चंद्राचे आहे. रात्रीचा प्रसंग लिहिण्याआधी तिथी काढायची, हा तुमचा पहिला नियम. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा. वद्य अष्टमीला मध्यरात्र होते. कोंढाण्याची रात्र माघ वद्य नवमीची, 4 फेब्रुवारी 1670. हस्तलिखितात मात्र मावळे पहिल्या प्रहरी लख्ख चांदण्यात कडा चढत होते. तुम्ही लिहिलेत, 'अंधारातच चढू द्या. चंद्र उगवणे हीच त्यांची मुदत करा.' त्या एका वाक्यात प्रकरणाचा सगळा ताण आहे. आता चंद्र डोंगराआडून वर यायच्या आत दोर पक्का व्हायला हवा, आणि हे वाचणाऱ्या मुलालाही कळते. पन्हाळ्याची रात्र उलटी: आषाढी पौर्णिमा, जुलै 1660, चंद्र पूर्ण, पण आभाळ भरलेले. तिथे उजेड ढगांच्या फटीतून येतो आणि जातो. त्या येण्याजाण्यावर पाठलाग रचता येतो.

त्याच प्रकरणात अंतराचा घोळ होता. पन्हाळा ते विशाळगड ही वाट साठेक किलोमीटरची. चिखल, रान, ओढे आणि खांद्यावर पालखी. ताशी 3 किलोमीटर धरले तरी 20 तास लागतात. लेखकाने मंडळींना उजाडायच्या आत पोहोचवले होते. घोड्यांचेही तसेच. घोडा चालीत तासाला 6-7 किलोमीटर जातो आणि दुडक्या चालीत त्याच्या दुप्पट. भरधाव दौड काही किलोमीटरच टिकते. सपाटीला दिवसाला 40-50 किलोमीटर हा बेताचा हिशोब, घाटात त्याहून कमी. घोड्याला रोज चंदी, म्हणजे दाणा, लागतो आणि 25-30 लिटर पाणी. 'रात्रभर दौडत' असे वाक्य आले की तुम्ही समासात फक्त 'पाणी कुठे?' असे विचारलेत. त्या प्रश्नातून ओढ्याकाठचा मुक्काम आला, आणि शत्रूची पहिली चाहूलही तिथेच लागली.

बंदुकीबद्दलची टीप तर प्रत्येक नव्या लेखकाला वाचायला द्यावी अशी आहे. आपल्याकडच्या शिपायाच्या हातात बहुतेक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी बंदूक. नळीत दारू, मग गोळी, गजाने ठासणे, कानावर, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्रापाशी, रंजक (पेट घेणारी बारीक दारू), पेटता तोडा नीट बसवणे. सराव असलेल्यालाही एका बारापुढे अर्धा ते एक मिनिट लागते. म्हणून 'धडाधड गोळ्या झाडल्या' हे एका माणसाच्या बाबतीत खोटे ठरते. पावसात तोडा विझतो, रंजक ओली होते, मग तलवार आणि भाला उरतो. आणि अंधारात पेटत्या तोड्याचा लाल ठिपका लांबून दिसतो, वासही येतो. दबा धरून बसलेल्यांचा घात याच ठिपक्याने होऊ शकतो, हे तुम्ही सुचवलेत.

गडाच्या दारातली चूक आणखी सूक्ष्म होती. कथानक असे, की हवालदाराला लाच दिली आणि गड हाती आला. पण महाराजांच्या व्यवस्थेत गडावर हवालदार (दरवाजाच्या किल्ल्या सांभाळणारा), सबनीस (हिशोब-दफ्तर पाहणारा) आणि सरनोबत (शिपायांचा प्रमुख) असे तिघे बरोबरीचे अधिकारी असत, वेगवेगळ्या जातींतले, आणि एकट्याच्या मर्जीने काही घडू नये हाच त्यातला हेतू. त्यामुळे फितुरी एकाची असून चालत नाही. दोघे गप्प कसे राहिले, याचे उत्तर लेखकाला द्यावे लागते. ते शोधता शोधता त्या कादंबरीला खरा खलनायक मिळाला.

मुलगा नायक असला की हमखास एक अडचण येते. 13 वर्षांचा पोरगा खलबतखान्यात कसा? लेखक त्याला पडद्याआड लपवतात, आणि पाचव्यांदा लपला की वाचक कंटाळतो. तुमचा उपाय सोपा: पोराला काम द्या. घोड्याला खरारा करणारा, पखालीने पाणी वाहणारा, जासुदाबरोबर चालणारा, गुरे राखणारा. अशा पोराला कोणी अडवत नाही, त्याच्यासमोर मोठी माणसे बोलतात, आणि सूर्यास्ताला दरवाजा बंद झाल्यावर तो बाहेर अडकू शकतो. (दिंडी दरवाजा, म्हणजे मोठ्या दारातले छोटे दार, कितीदा वापरावा, यावर आमचे मतभेद आहेत, एका पुस्तकात एकदाच, असे आम्ही मानतो.)

तारखांबाबत थोडक्यात. त्या शतकात जुलियन आणि ग्रेगोरियन पंचांगांत 10 दिवसांचे अंतर होते. महाराजांचा जन्मदिवस 19 फेब्रुवारी 1630 हा जुलियन, ग्रेगोरियनने तो 1 मार्च. इंग्रजांचे वर्ष 25 मार्चला बदले, म्हणून जानेवारी 1664 च्या सुरतेच्या लुटीवरच्या त्यांच्या कागदावर 1663 दिसू शकते. शकावरून इसवी सन काढायला 78 मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुनअखेर 79. पात्रांच्या तोंडी मात्र तिथी, प्रहर आणि घटका: 60 घटका म्हणजे एक अहोरात्र, एक घटका 24 मिनिटांची. 'दोन मिनिटं थांब' म्हणणारा मावळा तुम्ही चार ठिकाणी पकडलात.

भाषेबद्दल तुमचे म्हणणे आधी पटायला जड गेले, नंतर पुरते पटले. त्या काळची बोली फारसी शब्दांनी भरलेली. ते शब्द सगळे गाळले तर पुस्तक आजचे वाटते आणि सगळे ठेवले तर मूल ते मिटून ठेवते. पानाला तीन अनोळखी शब्द पुरेत, आणि अर्थ तळटीपेत न देता कृतीत. 'सनद' म्हणताना कोणीतरी कागदाची वळकटी उलगडावी, 'खलिता' म्हणताना कोणीतरी त्यावरचा शिक्का तपासावा.

पुढचे हस्तलिखित मुंबईजवळच्या खांदेरी बेटाचे आहे, साल 1679. तिथे मराठ्यांच्या छोट्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या इंग्रजांच्या जड गलबतांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत होत्या. नायक एका तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, पोर आहे. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशोब, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ (चतुर्थीला 3 वाजता), लेखकाने वापरला आहे. उधाण (पौर्णिमा-अमावस्येची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांतला फरक मात्र तिसऱ्या प्रकरणात गडबडलेला दिसतो. पहिली पाच प्रकरणे दुहेरी ओळी सोडून छापली आहेत. समास नेहमीपेक्षा दोन बोटे रुंद ठेवला आहे.

आपले ऋणी,
कुमार कादंबऱ्यांचे संपादक