आमच्या रक्ताचं काय झालं?

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांना,

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी सातपुड्यातल्या आमच्या पाड्यावर पुन्हा डीएनए तपासणाऱ्या संशोधकांची जीप आली. या वेळी रक्त नको, लाळ हवी होती. संमतीचा कागद पुन्हा इंग्रजीतच.

२०११ साली आलेल्या साहेबांनीही हेच सांगितलं होतं: माणूस भारतात पहिल्यांदा कसा आला, ते शोधतोय. कुणी हात पुढे करेना. मग शाळेचा गुरुजी म्हणून मीच घरोघर फिरलो, लोकांची भीती मोडावी म्हणून पहिली सुई आईला टोचायला लावली. सहा महिन्यांत निकाल मराठीतून सांगू, असा शब्द होता. आई चार वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत विचारायची, "माझं रक्त कुठवर पोचलं रे?" अजून बाजाराच्या दिवशी लोक मला अडवतात. साहेबांना कोण अडवणार!

पेपरात मात्र निकाल येतात. हरियाणातल्या राखीगढीच्या, म्हणजे सिंधू संस्कृतीतल्या शहराच्या, सांगाड्यांच्या ६१ नमुन्यांतून एकाच बाईचा डीएनए हाती लागला. दोन टक्केसुद्धा नाही! तेवढ्यावर २०१९ पासून 'आर्य बाहेरून आलेच नाहीत' असे ढोल. त्याच सुमारास छापलेला ५२३ प्राचीन माणसांचा अभ्यास सांगतो, की ज्यांचा आर्यांशी संबंध जोडतात ते मध्य आशियाकडच्या गवताळ प्रदेशातले पशुपालक इकडे आले ते इ.स.पू. २००० नंतर. बाई त्याआधीची. तिच्यात त्यांचा अंश सापडेल कसा? माझ्या चौथीतल्या पोरांना हे कळलं असतं. आणि अंदमानच्या लोकांशी नातं सांगणारा शिकाऱ्यांचा अंशही तिच्यात निघाला, त्यावर ढोल नाही. तो आमच्यासारख्या आदिवासींचा पडला ना.

२०२५ मध्ये २,७६२ जणांच्या जनुकांवरून ५०,००० वर्षांमागचं स्थलांतर दिसलं म्हणे. छान. आमच्या बाटल्यांत सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, कुणाला दिसला का? २०४७ पर्यंत तो हटवणार म्हणता. माझ्या भाच्याला तो आहे हे आम्हाला कळलं ते सोळाव्या वर्षी, हातपाय ठणकून तालुक्याला नेला तेव्हा.

चार हजार वर्षांपूर्वी मेलेल्याचं हाड इथं जपून ठेवतात, साहेब. जिवंत म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटला नाही की रेशन बंद.

निकाल मराठीत पाठवा, भिलोरीत मी सांगेन. मंगळवारची जीप मी परत पाठवली आहे.

आईच्या बाटलीवर ३७ नंबर होता.

आपला,
एक निवृत्त गुरुजी