परत फिरलेल्याचा पण फोटो छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सीझन सुरू झाला की आपल्या पेपरात दर दोन-चार दिवसांनी एक फोटो असतोच, मागं बर्फ, हातात झेंडा, आणि खाली बेळगावच्या किंवा खानापूरच्या किंवा निपाणीच्या तरुणांनी अमुक खिंड पार केली म्हणून बातमी. ते फोटो बघून मला खरंच आनंद होतो, आपल्या भागातली पोरं आता हिमालयात पोचतायत, आमच्या वेळी हे एवढं सोपं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात एक बातमी वाचली, त्यात लिहिलं होतं दहा जण गेले आणि फोटोत होते आठ, उरलेल्या दोघांबद्दल एक ओळ नाही. ते दोघं मधनं परत आले असणार हे मला लगेच कळलं, कारण आमच्यात पण असाच एक होता, आणि तेव्हापासून हे डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर बाकीचं कापा, पण घोडेवाल्याचं आणि सुभेदार काकांचं तेवढं ठेवा ही विनंती.

2012 च्या ऑगस्टमध्ये आम्ही खानापूर तालुक्यातले सहा जण लडाखमधल्या झांस्करला गेलो होतो. दारचा ते पदुम आणि पदुम ते लामायुरू, चालत, जवळजवळ तीन आठवडे, गाईड, आचारी, घोडेवाला आणि त्याचे घोडे असा सगळा काफिला. तेव्हा तिथं आजच्यासारखा रस्ता नव्हता, मधल्या गावांना मीठ-तेल पण घोड्यावरनंच जायचं. तयारी म्हणाल तर वर्षभर केली होती, दर रविवारी पाठीवर वजन घेऊन राजहंसगड, पावसाळ्यात जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूला रान तुडवायचं, आणि आमच्यात सगळ्यात दमदार होता तो आमचा मित्र, ज्याच्याबद्दल मी हे लिहितोय. आम्ही अर्ध्यात धापा टाकायला लागलो की हा वर जाऊन आमची वाट बघत बसलेला असायचा.

जाताना गाडी उशिरा पोचली, एक दिवस गेला. प्लॅनमध्ये वाटेतल्या केलाँगला एक दिवस नुसता आराम धरला होता तो आम्ही काढून टाकला, कारण शेवटी लेहवरनं परतीचं विमानाचं तिकीट काढलेलं. मनालीहून रोहतांग ओलांडून थेट दारच्यात मुक्काम. गाईड म्हणाला उद्या इथंच थांबूया, जरा वर चढून परत खाली येऊ आणि झोपू, तर आम्हीच त्याच्या मागं लागलो, नाही नाही आम्ही फिट आहोत, चला. हे मी स्पष्ट लिहितोय कारण पुढं जे झालं त्याचा दोष त्या गाईडचा नव्हता, आमचा होता. माणूस शहाणा होता पण सहा जण एका बाजूला आणि पैसे देणारे पण तेच, तो किती ओढून धरणार.

आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. दारचा 3300 च्या वर, दुसऱ्या रात्री झांस्कर सुमदोला 3900 च्या आसपास आणि तिसऱ्या रात्री खिंडीच्या खाली चुमिक नाकपोला साधारण 4600. नियम सगळ्या जगात एकच सांगतात, 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. आम्ही एका दिवसात 700 चढलो. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण निम्म्याजवळ येतो, म्हणजे छाती तेवढीच फुगते पण हाती येणारा ऑक्सिजन निम्म्याहून थोडाच जास्त, शरीराला हे जमवून घ्यायला दिवस लागतात आणि ते दिवस तुम्ही राजहंसगड कितीही वेळा चढला तरी कमी होत नाहीत. उलट दमदार माणूस जास्त धोक्यात असतो असं मला आता वाटतं, त्याचे पाय त्याला भरभर वर नेतात आणि डोकं दुखतंय हे सांगायची त्याला लाज वाटते.

त्यानं पण सांगितलं नाही. दुपारपासून डोकं दुखत होतं, जेवला नाही, चहा घेतला तो उलटून पडला, आम्ही म्हटलं ऊन लागलं असेल. संध्याकाळी टेंटमधनं बाहेर आला आणि दोरीला अडखळला, परत उठला, परत अडखळला. गाईड किचन टेंटमधनं बघत होता, त्यानं त्याला एक सरळ रेघ धरून एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत चालायला सांगितलं, आणि आमचा हा गडी, जो दगडा-दगडावरनं उड्या मारत जायचा, चार पावलं सरळ टाकू शकला नाही, दारू प्यायल्यासारखा बाजूला गेला. मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण असते हे मला नंतर कळलं. त्या वेळी गाईडनं एवढंच म्हटलं, सकाळची वाट बघायची नाही, आत्ता खाली. जवळची डेक्साची, म्हणजे मेंदूची सूज उतरवायची, गोळी दिली आणि घोडेवाल्याला हाक मारली.

तो घोडेवाला झांस्करमधल्याच लुंगनाक खोऱ्यातला, पन्नाशीचा असेल. नुकतंच घोड्यांवरनं ओझं उतरवून त्यानं त्यांना चरायला सोडलं होतं, आणि एकदा सोडलेली घोडी तिथं रात्रभर कुठल्या कुठं जातात, सकाळी दोन-दोन तास शोधावी लागतात. हा अंधारात टॉर्च घेऊन गेला, एक घोडी धरून आणली, तिच्यावर गोधडी टाकली, मित्राला वर बसवून कमरेला दोरी बांधली आणि एका हातानं त्याचा पाय धरून चालायला लागला. गाईड पुढं, हा बाजूला. मधले ओढे दिवसा उन्हानं फुगतात आणि रात्री उतरतात म्हणून तेवढं बरं. मित्र सांगतो त्याला त्या रात्रीचं फार आठवत नाही, फक्त एक आवाज आठवतो, नीचे, नीचे, बस थोडा नीचे. झांस्कर सुमदोला पोचल्यावर पहाटे त्यानं डोळे नीट उघडले आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी आणखी खाली दारच्याला आणि तिथनं केलाँगच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत वरच थांबला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो.

आम्ही पाच जण दोन दिवस तळावर गाईड परत यायची वाट बघत बसलो, आमची शरीरं तेवढ्यात हवेला सरावली आणि मग शिंगो ला (ला म्हणजे खिंड) पार केली, आता तिला सगळे शिंकू ला म्हणतात, 5000 मीटरच्या वर. म्हणजे जे दोन दिवस आम्ही वाचवायला बघत होतो ते शेवटी द्यावेच लागले.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. खिंड उतरल्यावर गुंबुरांजोनचा तो एकटा उभा कडा, कारग्याक गावाची सातूची शेतं, आणि फुकतालचा गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, जो कड्यातल्या एका मोठ्या गुहेभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बांधलाय, खाली त्सारप नदी. हंगेरीहून आलेला चोमा दे कोरोस नावाचा माणूस 1825-26 च्या सुमारास तिथं राहून तिबेटी भाषा शिकला, तेव्हा तर तिथपर्यंत पोचायचं म्हणजेच केवढं काम. पदुम, कर्शा, मग हनुमा ला, लिंगशेड, सिंगे ला, एक खिंड उतरली की दुसरी समोर उभी. पहिला आठवडा माणूस घरचा विचार करतो, दुसऱ्या आठवड्यात मोबाईल, नोकरी, हप्ते सगळं मागं पडतं, तिसऱ्यात फक्त पाय आणि श्वास आणि संध्याकाळी थुक्पा. दोन-चार दिवसांच्या ट्रेकला हे कळत नाही. एवढे दिवस सोबत काढले की घोडेवाल्याच्या मुलीचं लग्न कधी आहे ते पण तुम्हाला माहीत होतं. आणि रोज संध्याकाळी आम्ही सहाव्याचा विषय काढायचो आणि गप्प बसायचो.

आता इकडचं ऐका. आम्ही परत आलो तर चौकात डिजिटल बॅनर लागलेलं, पाच जणांचे फोटो, हार्दिक अभिनंदन. मंडळानं सत्कार ठेवला, शाल, नारळ, पेपरात बातमी. सहाव्याचा फोटो डिजिटलवर नव्हता आणि त्याला स्टेजवर कुणी बोलावलं नाही, तो मागं खुर्च्या लावत होता. गावात बोलणं काय तर, हा मधनंच पळून आला म्हणे. त्याच्या आईला पण कुणीतरी बोललं. आम्ही पाच जणांनी त्या दिवशी माईक हातात असताना एक शब्द काढला नाही याचं मला आजपर्यंत वाईट वाटतं, म्हणून तेरा-चौदा वर्षांनी का होईना तुमच्या पेपरातनं सांगतोय, तो पळून आला नव्हता. नियम आम्ही सगळ्यांनी मोडला, त्रास त्याच्या एकट्याच्या वाट्याला आला, आणि तो गुपचूप घोडीवर बसला, मी पुढंच जाणार म्हणून हट्ट केला नाही म्हणून आज जिवंत आहे, दोन मुलांचा बाप आहे.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले रिटायर्ड सुभेदार काका भेटले, मराठा इन्फंट्रीतले. आपल्याकडं मराठा सेंटरमुळं प्रत्येक गावात असे दोन-चार तरी आहेत ज्यांनी लडाख, सियाचीन अंगावर काढलंय, पण ट्रेकला जायच्या आधी त्यांना विचारायला कोण जात नाही, आम्ही पण गेलो नव्हतो. काका म्हणाले, "पोरांनो, आम्हाला 9000 फुटावर नेलं की पहिले सहा दिवस तिथंच. मग 12000 च्या वर चार दिवस आणि 15000 च्या वर जायचं तर आणखी चार. चौदा दिवस झाल्याशिवाय वर पाठवत नाहीत, आणि लांब सुट्टीवरनं आला तर परत पहिल्यापासनं. तुम्ही तीन दिवसात कुठं गेला म्हणता?" आम्ही 15000 फुटावर झोपलो होतो. वीस-बावीस वर्षांच्या रोज पळणाऱ्या जवानाला फौज चौदा दिवस देते आणि आम्ही बँकेत, शाळेत, दुकानात बसणारे लोक तीन दिवसात जाऊन झोपलो.

हे जुनं झालं असं कुणी म्हणेल, तर आता जास्त अवघड झालंय असं माझं मत आहे. 2020 ला अटल बोगदा सुरू झाला, मनालीहून केलाँग आता दोन-तीन तासांवर. 2024 च्या मार्चमध्ये निम्मू-पदुम-दारचा हा 298 किलोमीटरचा रस्ता सीमा सडकवाल्यांनी जोडला, आणि त्याच जुलैत शिंकू लाच्या 4.1 किलोमीटरच्या बोगद्याचं काम सुरू झालं. झांस्करच्या लोकांसाठी हे फार चांगलं झालं, हिवाळ्यात बाळंतिणीला घेऊन गोठलेल्या नदीवरनं चालायचं दुःख त्यांनाच माहीत. पण आपल्यासारख्यांना गाडी सकाळी 2000 मीटरवर उचलते आणि संध्याकाळी 4000 च्या वर नेऊन सोडते, रक्ताला त्या गाडीबरोबर पळता येत नाही.

आणि हवामान. 2024 च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालला कर्नाटकातनं गेलेल्या ग्रुपमधले, स्थानिक गाईड धरून, 22 जण वादळात सापडले, त्यातले 9 जण परत आले नाहीत. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याचंच उरलेलं पाणी नेपाळात थोरोंग ला खिंडीत आणि आसपासच्या डोंगरांत बर्फ होऊन पडलं, 40 च्या वर माणसं गेली, त्यात ट्रेकरबरोबर स्थानिक लोक पण होते. मी त्यांच्यापैकी कुणाला दोष देत नाही, वर असताना काय दिसतं आणि काय नाही ते मला माहीत आहे. मी एवढंच म्हणतो की आज खिंड नको असं जेव्हा गाईड म्हणतो, तेव्हा ग्रुपमधल्या कुणाच्या तरी डोळ्यासमोर गावातलं डिजिटल येतं. आमच्या आलं होतं.

म्हणून संपादक साहेब, एक मागणं आहे. अशा बातम्या तुम्ही छापता ते छापत राहा, पण वार्ताहरांना सांगा की किती जण गेले, किती पार झाले आणि कोण का परत फिरलं हे पण विचारा, आणि जो परत फिरला त्याचा फोटो त्याच ओळीत, त्याच आकारात छापा. खाली गाईडचं, आचाऱ्याचं, घोडेवाल्याचं नाव द्या. तीन आठवडे आमचं सामान, तंबू, रॉकेल, पीठ ज्याच्या घोड्यांनी वाहिलं त्याचं नाव आमच्या बातमीत नव्हतं, आम्हीच सांगितलं नव्हतं. आणि एप्रिलमध्ये, लोक बुकिंग करायच्या आधी, एखाद्या रविवारी आपल्या भागातल्या रिटायर्ड फौजी लोकांना आणि एखाद्या डॉक्टरांना बोलतं करून पानभर माहिती द्या, डोकं दुखलं तर काय, डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारून कधी सुरू करायची, ती खाल्ली म्हणजे भरभर चढायची मुभा मिळत नाही हे, रात्री दारू आणि झोपेची गोळी का नाही, घोडेवाल्या-पोर्टरचा विमा आहे का आणि त्यांना झोपायला गरम काय दिलंय हे कंपनीला कसं विचारायचं. पैसे भरणाऱ्यानं विचारलं तरच ते मिळतं.

आमचा मित्र येत्या ऑगस्टमध्ये जातोय, बायको-मुलांना घेऊन. चालत नाही, रस्त्यानं. घोडेवाल्याशी त्याचा फोन चालू असतो, त्यानंच गावाला बोलावलंय. मनालीत दोन रात्री, केलाँगला दोन रात्री असं त्यानं ठरवलंय, मुलांची डोकी दुखली तर तिथनंच परत, आणि बॅगेत घोडेवाल्यासाठी बेळगावचा कुंदा. ते कुठपर्यंत पोचले ते मी तुम्हाला कळवीन, केलाँगहून परत आले तरी कळवीन.

आपला नियमित वाचक,
खानापूर, जि. बेळगाव