पंचनाम्याच्या आधीचं शिक्षण

चाळीसगाव

चि. प्राजू,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा लांबलचक मेसेज तुझ्या आईने मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला. फोनवर तू घाईत असतेस आणि मी मुद्दा सोडून भलतीकडे जातो, म्हणून सरळ कागद-पेन घेतलं. फोटो काढून पाठवायला तुझा भाऊ आहेच.

सिव्हिलची डिग्री हातात आल्यावर आपत्ती जोखीम व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का, आणि घ्यायचं तर मुंबईत देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, रुरकीची आयआयटी की थेट बँकॉक, असं तू विचारलंस. पहिल्याचं उत्तर 'घे'. घरात याला एकमताने मंजुरी आहे असं समजू नकोस. तुझे काका म्हणाले, "पोत्यात रेती भरायला एम.ए. लागतं का? त्यापेक्षा एमपीएससीला बस म्हणावं." मोठी माय खाटेवरून एवढंच म्हणाली, "पूर काय इचारीसन येस का? शिकू दे तिले." काका गप्प बसले. तिच्यापुढे ते तसेही बोलत नाहीत.

आता मी 'घे' का म्हणतो ते सांगतो. १९९३ साली मी तलाठी म्हणून सज्जावर रुजू झालो, शेवटी मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. या सगळ्या काळात आपत्ती म्हणजे माझ्यापुरता पंचनामा. पाणी ओसरलं की आम्ही निघायचो. पंच बोलवा, जायमोक्यावर जा, गट नंबर लिहा, बाधित क्षेत्र लिहा. शेवटच्या काही वर्षांत नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर यादीत नाव, ३२ असेल तर नाही. मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी. तुझ्या शेतावर ढग फुटला आणि मापक गावाच्या पलीकडे कोरडा राहिला, तर कागदावर तो पाऊस झालाच नाही. शेतकरी माझ्यावर चिडायचे, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो.

३१ ऑगस्ट २०२१ तुला आठवतच असेल. रात्रभर पाटणादेवीच्या डोंगरात आणि कन्नड घाटात पाऊस कोसळला, घाटात दरडी आल्या, सोलापूरचा रस्ता बंद झाला आणि पहाटे तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या शहरात शिरल्या. तू तेव्हा दारातला चिखल उपसत होतीस, मी नदीकाठच्या वस्त्यांत होतो. तिथे एक बाई भेटली. तिच्या शेळ्या गेल्या होत्या. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, त्यासाठी मेलेलं जनावर दाखवावं लागतं. वाहून गेलेल्या शेळीचा दाखला कोण देणार? तिने मला गोठ्यात नेऊन खुंटे दाखवले. दोन खुंट्यांना तुटलेल्या दाव्यांची टोकं होती, ओली, गाठ तशीच घट्ट. भिंतीवर गाळाची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. मी पंचनाम्यात खुंटे लिहिले, दावी लिहिली, रेघेची उंची लिहिली, शेजाऱ्यांचे जबाब जोडले. काही दिवसांनी वरून शेरा आला : 'दाखला जोडावा.'

माझ्या खात्याला शिव्या द्याव्यात म्हणून हे सांगत नाही. नियम नसता तर गावात होत्या त्याच्या दुप्पट शेळ्या वाहून गेल्या असत्या, हेही खरं. पण त्या बाईला मदतीच्या आधी अर्धा तास हवा होता. अर्ध्या तासात दावी सोडता येतात. तो अर्धा तास कुठून आणायचा, हे आमच्या कुठल्याच नमुन्यात नव्हतं. तू शिकायला निघालीस ते नेमकं हेच, अशी माझी समजूत आहे.

तू पाठवलेला अभ्यासक्रम मी चष्मा पुसून पुसून वाचला. जोखीम म्हणजे नुसता पाऊस किंवा नुसता भूकंप नव्हे. त्याच्या वाटेत कोण आणि काय उभं आहे, आणि ते किती कच्चं आहे, हे तिन्ही मिळून जोखीम. हे मला कुणी शिकवलं नाही, पण मी रुजू झालो त्याच वर्षी सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. भल्या पहाटे लोक झोपेत असताना दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा भार अंगावर आला आणि हजारो माणसं गेली. तितक्याच ताकदीचा भूकंप चांगल्या बांधलेल्या गावात झाला असता तर आकडा खूप लहान असता. आपल्याकडची जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं बघ. उन्हाळ्यात थंड, म्हणून आपण कौतुक करतो. पण दर पावसाळ्यात धाब्यावर मातीचा एक थर नवा चढतो, लाकडाला वाळवी लागते, आणि झडीच्या दिवसांत कुठल्या तरी गावात धाबं बसून माणूस दबल्याची बातमी येते. सिव्हिलच्या पोरीला हे मी काय सांगणार. ते ओझं किती किलोचं, हे तू काढशील. घरमालक ते का उतरवत नाही, हे तुला देवनारला शिकवतील.

म्हणून माझा कौल देवनारला. रुरकीबद्दल आदर आहे, भूकंप अभियांत्रिकी तिथे १९६० पासून शिकवतात, आपत्तीवरचं स्वतंत्र केंद्रही आहे. पण त्यासाठी गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागणार, आणि तू अजून तिचा फॉर्मही भरलेला नाहीस. शिवाय पूल आणि बंधारा तुला येतोच. बँकॉकची एआयटी (एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) चांगलीच आहे, आशियाभरची मुलं तिथे येतात, पण पेन्शनीत ती फी बसणार नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर पुन्हा बोलू. देवनारच्या टाटा संस्थेत आपत्ती अभ्यासाचं वेगळं स्कूल आहे. तिथे समाजशास्त्रवाले, भूगोलवाले, डॉक्टर, वकील एकाच वर्गात बसतात असं ऐकून आहे. पंचनाम्यालाही असेच सगळे लागतात, फक्त तिथे कुणी कुणाचं ऐकत नाही.

पूररेषा तुला पुस्तकात भेटेल, मला ती बांधकाम परवानग्यांत भेटली. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांच्या. लोकांना वाटतं, २०२१ ला येऊन गेला, आता २०४६ पर्यंत निवांत. एका प्लॉटवाल्याने मला हेच ऐकवलं होतं. तेव्हा मला त्याला नीट समजावता आलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तू हिशोब करून ठेव. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी ४ टक्के शक्यता. वीस वर्षांचं गृहकर्ज घेऊन निळ्या रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पाणी शिरण्याची शक्यता ५६ टक्के होते. बँक हे सांगत नाही, बिल्डर तर नाहीच.

आणखी एक. तापी आणि तितूरला एकाच मापाने मोजू नकोस. तापी मोठी, तिचं पाणी चालत येतं. बऱ्हाणपूरला पातळी वाढली की भुसावळला कळतं, पुढे सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा अशी केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रं आहेत. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे किती उघडले हे पेपरात येतं, खाली प्रकाशा गावापर्यंत लोक सामान हलवतात. तरी ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सुटलं आणि सुरत बुडाली. लिंबायत-उधन्यात निम्मं खान्देश राहतं, तुझा मोठा मामा तेव्हा अडाजणला कामाला होता. माळ्यावर बसून त्याने दिवस काढले. म्हणजे सूचना असूनही धरण किती भरून ठेवायचं आणि कधी सोडायचं, हा निर्णय चुकू शकतो. तितूरचं उलटं आहे. डोंगर जवळ, उतार सरळ, पात्र शहरात येईपर्यंत भरावाने आणि अतिक्रमणाने आवळलेलं. डोंगरात पाऊस झाला की काही तासांत पाणी पुलावर. तिथे दिल्ली-मुंबईच्या अंदाजाची वाट बघून चालत नाही. वरच्या गावांत मापक, तिथला पोलीस पाटील किंवा कोतवाल, आणि खालच्या वस्तीत रात्री दोन वाजता दार वाजवणारा माणूस, एवढी साखळी लागते. मोबाईलवर इशारा येतो आता, २०२३ ला चाचणी झाली तेव्हा तुझ्या आईच्या हातून फोन पडला होता. पण पुराच्या रात्री वीज जाते, टॉवर जातो. तेव्हा दार वाजवावंच लागतं.

प्रबंधाचा विषय शोधायला ओडिशात जायची गरज नाही, एवढंच सुचवतो. धुळ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, त्यांच्याशी बोल. कुठल्या गावाला बोट पोहोचायला किती वेळ लागला, हे त्यांना तोंडपाठ असतं. नंदुरबारला धडगावकडे जा. पाड्याला रस्ता नाही म्हणून बाळंतिणीला झोळीत घालून नेतात, पेपरवाले त्याला बांबुलन्स म्हणतात. तिथे पूरही नको न् भूकंपही, साधा पावसाळा हीच आपत्ती. आणि ऊन. २०१० च्या मे महिन्यात माणसं गेल्यावर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेची कृती योजना केली. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशी ओलांडतो, केळी कापणारे मजूर तरी भल्या सकाळी उरकून घेतात, पण वीटभट्टीवाला कुठे जाईल? उन्हाने मेलेल्याच्या कागदावर बहुतेक वेळा 'हृदयविकार' लिहिलेलं मी पाहिलंय. केंद्राने मदतीसाठी ठरवलेल्या बारा आपत्तींच्या यादीत उष्णतेची लाट नव्हती. यादीत नाव नसेल तर पंचनामाही नाही.

मदत शिबिराची मापं तू पाठवली होतीस ती मी मुद्दाम ताडून पाहिली. माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, दिवसाला १५ लिटर पाणी, वीस जणांमागे एक शौचालय. आपल्या जिल्हा परिषद शाळेची वीस बाय वीस फुटांची खोली धर. दहा माणसं बसतात. आम्ही चाळीस घालायचो आणि वर बाहेर खिचडीचे फोटो काढायचो. हे वाचून थोडं हसू आलं, थोडं नाही.

नोकरीचं आता. आईला तीच काळजी आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याला प्राधिकरण आहे, अध्यक्ष जिल्हाधिकारी. त्यांच्या हाताखाली जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी असतो, पण ते पद बऱ्याच ठिकाणी कंत्राटी आहे. पावसाळ्यापूर्वीच्या आढावा बैठकीत त्याला सगळे ऐकतात, दिवाळीनंतर त्याच्या फायलीला कुणी हात लावत नाही. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळ्या प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. जळगाव, धुळे त्यात बसतात. जागा निघतीलच असं मी लिहून देत नाही, सरकारला मी आतून ओळखतो. विमा कंपन्या, मोठ्या स्वयंसेवी संस्था घेतात म्हणे, पगारही बरा देतात. जिथे जाशील तिथे एक लक्षात ठेव : जे घर वाहून गेलं नाही, त्याचा फोटो पेपरात येत नाही. तुझं काम चांगलं झालं तर बातमीच होणार नाही, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी विचारेल की एवढा खर्च कशाला केला. ते सहन होणार असेल तरच या रस्त्याला लाग. मला वाटतं तुला होईल; लहानपणी सायकलची हवा रात्रीच तपासून ठेवायचीस.

कागदपत्रांचं बघितलं आहे. डोमिसाईल आणि नॉन-क्रिमीलेयर माझ्याकडे आहे, पण केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं लागतं, राज्याचं चालत नाही. त्याचा अर्ज सेतूमध्ये कालच टाकला. तुझा एक फोटो आणि आधारची झेरॉक्स कमी पडतेय, ती आज संध्याकाळपर्यंत पाठव. मागच्या वेळेसारखा चष्मा घातलेला फोटो नको, परत पाठवतात.

तुझे,
नाना