जुनी मेल आपल्याच कपाटात

संपादक महोदय,

अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना. मुलगा म्हणतो, "बाबा, ब्राउझरमध्येच जीमेल बघा की ओ!" पण फुकटची 15 जीबी जागा गूगलच्या फोटो आणि ड्राइव्हसकट एकच. डिझाइनच्या फायलींनी ती भरली आणि गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी परत फिरू लागल्या. शेवटी कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर बसवलं, जुनी मेल त्यातल्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे आपल्याच हार्ड डिस्कवर, हलवली. आता नेट गेलं तरी मागच्या दिवाळीच्या ऑर्डरीतला 30 बाय 60 चा आकार मागाशेजारी उभं राहून सांगता येतो. तिथली मेल मात्र जीमेलवर उरेलच असं नाही, आणि हार्ड डिस्कनं आम्हाला एकदा दगा दिलाय. म्हणून दर शनिवारी पेनड्राइव्हवर कॉपी. गावाला गेलो की वेबमेलच, म्हणजे ब्राउझरमधलं जीमेल. तेवढं मुलाचं बरोबर.

– एक टॉवेल उत्पादक, सोलापूर